दोन वह्यांमधला मुनीम

गल्लीतल्या मावशी परवा मोबाइल हातात घेऊन घरी आल्या. पीएम-किसानचे दोन हजार जमा झाल्याचा मेसेज होता. बँकेत जाऊन पासबुकही छापून आणलं होतं, पण त्यात दोन हजारांची ओळ नव्हती. बँकेतला माणूस म्हणाला, आमच्याकडे आलेच नाहीत. सेतू केंद्रातला म्हणाला, वरून सुटलेत, हे बघा स्क्रीनवर. “मेसेज तं आला, मग पैसे पडले कुठं?” असा मावशींचा साधा सवाल होता. गंमत म्हणजे मोबाइल, बँक आणि सेतू केंद्र, तिघंही खरं बोलत होते.

आमच्या गल्लीत असा पेच पडला की तो माझ्याकडे येतो, कारण मी ‘घरी बसून कॉम्प्युटरचं काहीतरी करते’. हे काहीतरी म्हणजे काय, ते आईलाही मला अजून नीट सांगता आलेलं नाही. पाहुण्यांना ती ‘ऑनलाइन आहे’ एवढंच सांगते आणि चहा ठेवायला उठते. परभणीत वसमत रोडच्या घरात, वरच्या खोलीत बसून मी एका जर्मन कंपनीसाठी काम करते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपण लहानपणापासून थट्टेनं म्हणत आलो. माझ्या बाबतीत ते पगाराच्या कागदावर छापून येतं.

हुद्दा बॅकएंड इंजिनिअरचा. हॉटेलात गिऱ्हाईक बसतं, मेन्यू बघतं, तो झाला पुढचा भाग. मागच्या भटारखान्यात जे चालतं ते बॅकएंड. त्यातही माझं काम एका हॉटेलच्या भटारखान्यातलं नाही. दोन वेगवेगळ्या भटारखान्यांमध्ये निरोप पोचवायचं आहे. याला डेटा इंटिग्रेशन म्हणतात. मावशींचे दोन हजार अशाच निरोपांच्या वाटेवर होते. ते कुठं गेले हे कळायचं असेल, तर आधी मोंढ्यात जाऊन यावं लागेल.

एक पोतं, चार वह्या

सोयाबीनचं एक पोतं मोंढ्यात येतं तेव्हा ते किती ठिकाणी लिहिलं जातं ते बघा. मापाडी वजन लिहितो. आडत्याच्या वहीत शेतकऱ्याचं नाव, आधीची उचल आणि कापायची हमाली-तोलाई असते. खरेदीदार ओलावा आणि भाव टिपतो. बाजार समितीला आपल्या फीपुरती नोंद लागते. पोतं एकच, वह्या चार. खोटं कुणी लिहीत नाही, पण पुरतंही कुणी लिहीत नाही. ज्याला जेवढं लागतं तेवढं तो लिहितो. संध्याकाळी मुनीम बसतो आणि या वहीतली ओळ त्या वहीतल्या ओळीशी लावतो.

माझं काम या मुनिमाचं. वह्यांच्या जागी कंपन्यांची सॉफ्टवेअरं आहेत: ऑर्डर घेणारं एक, गोदामाचं दुसरं, बिलं करणारं तिसरं. ती वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या काळात, एकमेकांना न विचारता बांधलेली असतात.

त्यांनी एकमेकांशी बोलायचं ते ‘एपीआय’मधून. हा शब्द ऐकून दचकू नका. एपीआय म्हणजे तहसीलातली नकलेची खिडकी. गाव सांगा, गट नंबर सांगा, फी भरा, नक्कल मिळेल. अर्ज चुकला तर परत येईल. आत जाऊन कपाटं उघडायची मुभा नाही, आणि आत कोण कुठं बसतं हे माहीत असायची गरजही नाही. खिडकीवर काय मागायचं आणि काय मिळेल हे ठरलेलं असलं की आतली माणसं बदलली तरी आपलं अडत नाही.

खिडकी बांधणं सोपं आहे, ते काम आठवड्याभरात होतं. बाकीचे महिने जातात ते एकाच प्रश्नात: या वहीतला माणूस आणि त्या वहीतला माणूस एकच आहे का?

ज्ञानोबा किती?

समजा, सातबाऱ्यावर नाव आहे ‘ज्ञानोबा पि. मारोती शिंदे’. हे ‘पि.’ म्हणजे पिता. बाईचं नाव असेल तर ‘भ्र.’ येतं, म्हणजे भ्रतार, नवरा. मराठवाड्यात ज्यानं जुने उतारे पाहिलेत त्याला हे सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्या प्रोग्रॅमला मात्र ‘पि.’ हे मधलं नाव वाटतं.

आता हेच नाव इंग्रजीत जातं. बँकेत कुणी ‘ज्ञ’साठी ‘डीएनवाय’ लिहितो, आधार केंद्रावर दुसरा ‘जीवाय’ लिहितो, पीक कर्जाच्या यादीत तिसरा ‘जेएन’. मारोतीचा मारुती होतो. आडनाव कधी आधी, कधी शेवटी. घरी ज्ञानोबा, मतदार यादीत ज्ञानदेव, पत्रिकेवर ज्ञानोबाराव. गावातल्या तलाठ्याला यात काहीच अडचण नव्हती; तो चेहऱ्यानं ओळखायचा. मशीनला चेहरा माहीत नाही. त्याला ही तीन-चार वेगळी माणसं दिसतात.

यावर एक जुना उपाय आहे. एका शब्दातून दुसरा करायला किती अक्षरं बदलावी लागतात ते मोजायचं. व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञानं १९६५ मध्ये मांडलेलं हे ‘अंतर’ आजही आम्ही रोज वापरतो. मारोती आणि मारुती यांच्यात अंतर एक. छान, एकच माणूस. पण गंगाबाई आणि गंगूबाई यांच्यातही अंतर एकच, आणि त्या एकाच घरातल्या दोन जावा असू शकतात. चाळणी सैल ठेवली तर दोन माणसं एक होतात, घट्ट ठेवली तर एकाची दोन होतात. कुठं थांबायचं याचं सूत्र नाही, ते ठरवावं लागतं. माझं मत विचाराल तर जिथं पैसा वाटायचा आहे तिथं चाळणी घट्टच हवी. एकाचा पैसा दुसऱ्याला गेला तर परत आणणं फार कठीण. अडकलेला निदान सोडवता येतो.

मग जन्मतारीख लावून बघू? तीही फसवते. शाळा जूनमध्ये उघडायची, आणि ज्या मुलाची तारीख घरच्यांना सांगता यायची नाही त्याची मास्तर १ जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रात एका पिढीतली किती माणसं १ जूनला जन्मली ते तुमच्याच घरात मोजून बघा. आधार काढताना ज्यांनी नुसतं वय सांगितलं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना १ जानेवारी मिळाली. मशीनच्या लेखी निम्मं गाव जुळं.

आणि हे सगळं नीट असलं तरी मराठी अक्षर दगा देतं. ‘कऱ्हाळे’ हे आपल्याकडचं आडनाव. यातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. दुसऱ्या तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळाच ऱ. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, आत आकडे वेगळे. शोधलं तर एक सापडतो, दुसरा नाही. जगभर वापरायचे जे तयार शुद्धीकरणाचे नियम आहेत, तेही या दोघांना एक करत नाहीत. तो नियम आपला आपण लिहावा लागतो, आणि ज्यानं कधी कऱ्हाड, कऱ्हाळे लिहिलं नाही त्याला तो सुचणार नाही.

नावाऐवजी नंबर

यातून बाहेर पडायची वाट म्हणजे नाव सोडून नंबर धरायचा. आधारचा पहिला नंबर दिला गेला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. बारा आकडे, पण खरी ओळख अकरांतच. बारावा राखणदार आहे. याकोबस व्हेरहुफ या डच गणितज्ञाच्या १९६९ च्या पद्धतीनं तो आधीच्या अकरांवरून काढतात. त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर नंबर कुणाचा हे न विचारताही मशीन सांगतं की हा नंबर असूच शकत नाही. घाईत नंबर उतरवणाऱ्या माणसाच्या नेमक्या याच दोन चुका होतात.

गावांचंही तसंच. पिंपळगाव, वडगाव, टाकळी, बोरी या नावांची गावं परभणीतच नव्हे, शेजारच्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत. आणि जिल्हे तरी कुठं जागेवर राहतात? १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला. कळमनुरीकडच्या एखाद्या जुन्या कागदावर ‘जि. परभणी’ आणि नव्यावर ‘जि. हिंगोली’ सापडणार, आणि दोन्ही आपापल्या वेळी बरोबर. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावावर विसंबलेली यादी त्या दिवशी कोलमडते. म्हणून केंद्र सरकारच्या एका निर्देशिकेत प्रत्येक राज्य, जिल्हा, तालुका, गावाला कायमचा सांकेतांक दिलेला आहे. पाटी बदलली तरी सांकेतांक तोच.

नंबर आला म्हणजे सगळं जुळलं, असं मात्र नाही. शेतकरी कर्जमाफीच्या दोन योजना आठवा. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना, मर्यादा दीड लाखाची. शेतकऱ्यांनी ऑनलाइन अर्ज भरायचे, बँकांनी आपल्या याद्या द्यायच्या आणि दोन्हींचं लग्न मध्ये बसलेल्या संगणकानं लावायचं. अर्ज आणि याद्या जुळेनात. दिवाळी आली, प्रमाणपत्रं वाटली गेली, घोळ पुढं चालूच राहिला.

पुढची, डिसेंबर २०१९ ची महात्मा जोतिराव फुले योजना, मर्यादा दोन लाखांची. यात अर्जच नव्हता. बँकांनी कर्जखाती चढवली, प्रत्येक खात्याला एक विशिष्ट क्रमांक मिळाला, गावात यादी लागली. शेतकऱ्यानं आपला क्रमांक घेऊन केंद्रावर जायचं, रक्कम बघायची, मान्य असेल तर अंगठा लावायचा. ‘हे खातं या माणसाचं’ हा अंदाज मशीननं बांधायचाच नाही, खातेदाराला समोर बसवून विचारायचं. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली. या योजनेबद्दल राजकीय मतं काही असोत, बांधणी म्हणून दुसरी रचना मला उजवी वाटते. जिथं मशीनला खात्री नाही तिथं माणसाला विचारावं, हे आमच्या धंद्यातल्या भल्याभल्यांना उशिरा सुचतं.

१.२० म्हणजे किती?

माणूस जुळला, गाव जुळलं. आता आकडा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, गावात बोलतात एकर-गुंठ्यात. शंभर आर म्हणजे हेक्टर, चाळीस गुंठे म्हणजे एकर. एखाद्या रकान्यात ‘१.२०’ लिहिलंय.

हेक्टर धरलं तर ते एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. आपल्या पद्धतीनं एकर-गुंठे धरलं तर एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. आणि पुण्यातल्या एखाद्या हुशार पोरानं शाळेतल्या दशांशासारखं एकरात वाचलं, तर एक एकर आठ गुंठे. तीन माणसं, तीन शेतं, आकडा एकच. कारण एकर-गुंठ्यातलं टिंब दशांशचिन्ह नसतंच. ते फक्त दोन मापांमधलं कुंपण असतं. त्यात भर एक्सेलची. त्याला ‘१.२०’ दिलं की ते शेवटचं शून्य बिनकामाचं समजून गिळतं आणि ‘१.२’ ठेवतं. पुढचा माणूस वाचतो एक एकर दोन गुंठे. कुणी बांध कोरला नाही आणि अठरा गुंठे गेले.

हे फक्त आपल्याकडचं मागासपण आहे असं वाटत असेल, तर जर्मनीत या. तिथं दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. जर्मन बिलावरचं ‘१.२००’ म्हणजे बाराशे. इंग्रजी वळणाच्या प्रोग्रॅमनं वाचलं की एक पूर्णांक दोन. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हा प्रकार समोर आला तेव्हा सगळे गोंधळले होते. मला टिंबाची सवय होती. सातबारा पाहिलेल्या माणसाला टिंबावर भरवसा ठेवायचा नसतो, हे घरूनच माहीत असतं.

म्हणून इंटिग्रेशनमधला पहिला कागद प्रोग्रॅमचा नसतो. तो रकान्यांच्या अर्थाचा असतो: हा आकडा कोणत्या मापात, ही तारीख कुठल्या वेळेची, रिकामी जागा म्हणजे ‘शून्य’ की ‘माहीत नाही’. हा कागद लिहिण्यात जो कंटाळा करतो तो पुढं रात्री जागतो.

वृद्धी तास

रात्री जागायचा प्रसंग माझ्यावरही आला आहे. जर्मनीत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीन वाजता घड्याळ मागं घेऊन दोन करतात. म्हणजे दोन ते तीन हा तास त्या रात्री दोनदा येतो. मार्चमध्ये उलटं, तो तास येतच नाही. पंचांग बघणाऱ्याला हे सांगायला एक मिनिट लागतं. दोन सूर्योदय पाहणारी वृद्धी तिथी, एकही न पाहणारी क्षय तिथी, तसाच हा वृद्धी तास आणि क्षय तास.

मला ते सुचलं नाही. दिवसाच्या ऑर्डरी गोदामाकडं धाडायचं काम मी तिथल्या घड्याळाप्रमाणे पहाटे अडीचला लावून ठेवलं होतं. त्या रात्री अडीच दोनदा वाजले, काम दोनदा चाललं आणि सोमवारी गोदामात एकेका ऑर्डरीचे दोन-दोन खोके तयार. चूक पूर्ण माझी होती. तेव्हापासून मी कुठलंच काम स्थानिक घड्याळाला बांधत नाही. सगळं जागतिक प्रमाणवेळेत ठेवते. तीही आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, त्यामुळे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी झालेला व्यवहार तिथं आदल्या तारखेला पडतो. पण निदान तिच्यात तास दोनदा येत नाही.

खरी चूक मात्र घड्याळाची नव्हती. गोदामाच्या सॉफ्टवेअरनं तीच ऑर्डर दुसऱ्यांदा घेतलीच कशी?

मनीऑर्डरची पोच आली नाही तर

जुन्या काळातली मनीऑर्डर आठवा. पुण्यात शिकणाऱ्या पोराला बापानं सेलूहून पैसे धाडले. आठ दिवस झाले, पोच नाही. आता तीन शक्यता. पैसे पोचलेच नाहीत. पैसे पोचले पण पोच हरवली. दोन्ही अजून वाटेत आहेत. सेलूत बसलेल्या बापाला तिन्ही सारख्याच दिसतात. पुन्हा धाडावेत तर दुप्पट जातील, न धाडावेत तर पोर उपाशी.

संगणकाच्या जाळ्यातही हेच होतं, फक्त आठ दिवसांच्या जागी आठ सेकंद. निरोप धाडला, उत्तर आलं नाही. तार तुटली, लाइट गेली की समोरचं मशीन झोपलं, हे धाडणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. तो पुन्हा धाडणारच. म्हणून शहाणपण घेणाऱ्याच्या बाजूला ठेवायचं. प्रत्येक निरोपावर नंबर घालायचा: ‘हा ४१७ वा. आधी मिळाला असेल तर काही करू नको, फक्त हो म्हण.’ या गुणाला आमच्याकडे आयडेम्पोटन्सी असं जबडा दुखवणारं नाव आहे. घरातल्या भाषेत सांगायचं तर दाराची कडी आणि चहातली साखर यांतला फरक. लावलेली कडी पुन्हा लावली तरी दार तेवढंच बंद. साखर घातली की नाही ते विसरून पुन्हा घातली तर चहा गेला. व्यवहार कडीसारखे बांधायचे, साखरेसारखे नाही. माझ्या गोदामाचं साखरेसारखं होतं.

यूपीआयवर ‘पेंडिंग’ दिसतं तेव्हा हीच पोच अडकलेली असते. तिथं दोन मिनिटांत घाबरून पुन्हा पैसे पाठवू नका, कारण तुम्ही स्वतः पाठवलेला दुसरा व्यवहार नव्या नंबरचा असतो. तो मशीनला वेगळाच वाटतो. तुमच्या खात्यातून गेले आणि समोरच्याच्या खात्यात पोचले नाहीत, अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी आणि त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी, असं रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. दुकानदाराला केलेल्या पेमेंटसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे.

आणि एवढं करूनही काहीतरी निसटतंच. म्हणून रोज रात्री दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळमेळ लावायचा. इथं किती गेले, तिथं किती आले, फरक कशाचा. मुनीम हेच करायचा आणि आम्हीही हेच करतो. शिकवणीच्या पुस्तकात या कामाला एक पान मिळतं. माझ्या मते ते अर्धं काम आहे.

वरच्या खोलीतून

हे सगळं परभणीतून कसं जमतं, असा प्रश्न पुण्यातले मित्र विचारतात. टाळेबंदीच्या वर्षी पुष्कळ जण बाडबिस्तारा घेऊन गावी आले. बरेचसे पुढं देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसनं परत गेले. मी राहिले. मे महिन्यात इथं पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की लॅपटॉपचा पंखा खोलीतल्या पंख्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर दोन तास. जर्मनीत सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथं उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. म्हणजे आमची बैठक आईच्या जेवणाच्या हाकेवरच येते.

लांबून काम करण्याची एकच अट आहे, तोंडी काही चालत नाही. शेजारच्या टेबलावर वाकून ‘हे असं का केलंस’ विचारता येत नाही. मी झोपलेली असताना तिकडच्यानं माझं काम उघडलं तर त्याला कळेल एवढं लिहून ठेवावं लागतं. एका परीनं दोन माणसांतलंही हे इंटिग्रेशनच.

मावशींचे दोन हजार

आता मावशींकडे येऊ. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. हप्ता सुटतो तेव्हा तो खाते क्रमांकावर जात नाही, आधार क्रमांकावर जातो. मंजूर यादी केंद्राच्या सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणालीतून पुढं निघते आणि एनपीसीआय या संस्थेच्या आधार पेमेंट ब्रिजवर येते. यूपीआय चालवणारी संस्था तीच. या पुलावर एक वही आहे, तिला मॅपर म्हणतात. त्या वहीत प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकच गोष्ट लिहिलेली: बँकेचं नाव. खाते क्रमांक तिथं नाहीच. पैसे त्या बँकेकडे जातात आणि ती बँक आपल्याकडचं त्या आधारचं खातं शोधून त्यात टाकते.

एका आधारसमोर एकच बँक. नवी बँक लिहिली की जुनी खोडली जाते. आपण नवं खातं काढताना फॉर्मवर सरकारी लाभ याच खात्यात घ्यायच्या चौकोनात टिचकी मारली, की वहीतली ओळ बदलते. आपल्याला ते आठवतही नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे पडायला लागले तेव्हा ‘माझे कोणत्या खात्यात पडले’ हे शोधत बायका बँकाबँकांतून फिरल्या, त्याच्या मुळाशी हीच ओळ होती.

मावशींच्या बँकेत त्यांचं आधार ‘लिंक’ होतं. ते खरंच होतं, पण ती बँकेची स्वतःची वही. पुलावरच्या वहीत दुसरं नाव होतं: दोन वर्षांपूर्वी बचत गटाच्या कर्जासाठी त्यांनी जे खातं उघडलं होतं, त्या बँकेचं.

┌──────────────
चौकट : पैसे अडले, तर कोणत्या वहीत बघायचं?

• योजनेची वही : अर्ज मंजूर आहे का, ई-केवायसी झाली आहे का. हे योजनेच्या संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात कळतं.

• जमिनीची वही : शेतीच्या योजना असतील तर सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव ताडून बघा. फरक असेल तर तो आताच दुरुस्त करून घ्या.

• पुलावरची वही : आधारसमोर कोणती बँक लिहिली आहे. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ हा पर्याय आहे; आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो.

• बँकेची वही : त्या बँकेत तुमचं खातं चालू आहे का. बंद पडलेलं असेल तर पैसे परत फिरतात.
└──────────────

आम्ही माझ्याच लॅपटॉपवर ‘सीडिंग स्टेटस’ पाहिलं, मावशींनी ओटीपी वाचून दाखवला, स्क्रीनवर त्या दुसऱ्या बँकेचं नाव आलं. “हे तं बचत गटाचं खातं हाय!” दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथलं पासबुक छापून आणलं. त्यात तीन हप्ते पडून होते, सहा हजार रुपये.

तुमच्याही घरी असा मेसेज आला आणि पासबुक कोरं निघालं, तर बँकेत जाऊन ‘माझं आधार लिंक आहे का’ असं विचारू नका. उत्तर ‘हो’ असंच येईल. ‘डीबीटीसाठी (थेट लाभ हस्तांतरणासाठी) एनपीसीआयच्या मॅपरमध्ये माझ्या आधारसमोर कोणती बँक आहे’ असं विचारा, आणि ती बदलून हवी असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथं तसा अर्ज द्या.